लाँचमध्ये पाय ठेवण्यापूर्वी

दिवाळी आटोपली, थंडी पडू लागली की वस्त्यावस्त्यांतून सहलींचे बेत शिजू लागतात. कोणी घारापुरीला जातो, कोणी मांडव्यामार्गे अलिबागला, कोणी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर किंवा तापोळ्याला. ज्यांना चार दिवसांची रजा मिळते ते मालवण-तारकर्ली गाठतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही परतीच्या गाडीला अवकाश असला की गेटवे पाहून येतात. समोर समुद्र आणि त्यावर डुलणाऱ्या लाँच दिसल्या की पोरे हट्ट धरतात. ज्यांनी विहीर, ओढा आणि गावची नदी यांपलीकडे पाणी पाहिलेले नाही, अशी कितीतरी माणसे त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा यांत्रिक होडीत बसतात.

हौस करू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने एक दिवस समुद्राचा वारा खावा, मुलांना घारापुरीची लेणी दाखवावीत. त्या बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, तेही आवर्जून दाखवावेत. पण एस. टी.त चढताना दांडी धरावी, लोकलच्या दारात लोंबकळू नये, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. होडीचे तसे नाही. होडीत कसे चढावे, कुठे बसावे, काय धरावे हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, आणि होडीवर लावलेल्या सूचना बहुधा इंग्रजीत, त्याही रंग उडालेल्या असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. नौदलाच्या त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला होता. दोन्ही बोटींवरील मिळून पंधरा जणांचा बळी गेला. त्यांत लहान मूलही होते. 'नीलकमल'चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता, तर प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती.

टक्कर झाली त्यात प्रवाशांचा काडीइतकाही दोष नव्हता, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. अपघात झाला की "लोकच बेशिस्त" असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे, ती आम्हाला मान्य नाही. परंतु त्या दिवशी जे वाचले त्यांनी वर्तमानपत्रांना जे सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. टक्कर होईपर्यंत अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. बोट कलू लागल्यावर जाकिटांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांच्या हाती ते लागले ते आसपासच्या बोटी मदतीला येईपर्यंत पाण्यावर राहू शकले. या अपघातानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. पंधरा माणसे गेल्यावर का होईना, झाले ते योग्यच झाले. पण सक्ती धक्क्यावरच्या शिपायाची नजर असेपर्यंत टिकते. लाँच धक्क्यापासून दोनशे हात गेली की गरम होते म्हणून जाकिटे सुटू लागतात, आणि थोड्याच वेळात त्यांची उशी होते.

बोट उलटते कशी?

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीतील बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक मुले बसवली होती आणि सगळ्यांना जाकिटे दिली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मे २०२३ ला, केरळातील तानूर येथे मासेमारीच्या होडीवर मजला चढवून केलेली पर्यटक बोट संध्याकाळच्या अंधारात उलटली. बावीस माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले. आणि २००९ च्या ३० सप्टेंबरला केरळातच थेक्कडीच्या जलाशयात 'जलकन्यका' ही बोट उलटून पंचेचाळीस पर्यटकांचा अंत झाला. काठावरची जंगली जनावरे पाहण्यासाठी माणसे एका बाजूला झुकली आणि बोट कलंडली, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्या डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांनी भरलेली होडी उलटली, तीन मुली दगावल्या. तिथेही मुले एका बाजूला गोळा झाली होती आणि अंगावर जाकिटे नव्हती.

या चारही घटनांत वादळ नव्हते. तीन ठिकाणी तलाव, खाडी किंवा धरणाचे पाणी होते, आणि डहाणूलाही किनारा जवळच होता. मग बोट उलटली का? याचे उत्तर भाजीच्या हातगाडीवरून कळू शकेल. हातगाडीवर बटाट्याची पोती खाली आणि पालेभाजी वर ठेवली की ती खड्ड्यातूनही नीट जाते. तेच उलटे केले, जड पोती वर रचली, तर थोड्या उतारावर गाडी आडवी होते. बोटीचेही तसेच. वजन जितके खाली आणि मध्यभागी, तितकी ती सरळ होण्याची शक्ती जास्त. वरच्या मजल्यावर तीस माणसे उभी राहिली की ती शक्ती कमी होते. त्यातच सगळे एका बाजूला धावले तर बोट त्या बाजूला कलते, कललेल्या बाजूचा काठ पाण्याखाली जातो, पाणी आत शिरते, आणि शिरलेले पाणी त्याच खालच्या बाजूला वाहत जाऊन बोटीला आणखी ओढते. हे सारे होण्यास दोन-चार मिनिटेही लागत नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडून ती कथा आपण ऐकली असेल. तिथे समुद्र खवळलेला होता, पण लाट आल्यावर घाबरलेली माणसे एका बाजूला धावली हेही त्या कथेत येतेच.

म्हणून डॉल्फिन दिसला, पक्ष्यांचा थवा आला, कोणी ओरडले "ते बघा ते बघा", तरी आपण जागचे उठू नये, मुलांनाही उठू देऊ नये. गेटवे-घारापुरीच्या लाँचवर सीगल पक्ष्यांना कुरमुरे, वेफर्स टाकण्याची मोठी हौस असते. त्यासाठी काठावर पोट टेकून, मूल कडेवर घेऊन वाकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पक्ष्यांच्याही ते हिताचे नाही, पण तो विषय वेगळा.

प्रवासी बोटीवर तिची क्षमता ठळक रंगवलेली असली पाहिजे. तो आकडा शोधा आणि डोकी मोजा. आम्ही कारकुनी करतो, त्यामुळे मोजण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे. पण कोणालाही दोन मिनिटांत हे जमते. एका बाकावर किती आणि बाक किती, एवढाच हिशेब. मोजताना कडेवरची मुलेसुद्धा धरावीत. तिकिटात मूल फुकट असते, वजनात नसते. आकडा कुठेच रंगवलेला नसेल, तर त्या बोटीत न बसणे उत्तम.

जाकिटाविषयी जरा सविस्तर

जाकिटाबद्दल आपल्या लोकांत तीन समज आम्हाला आढळले. पहिला, ज्याला पोहता येते त्याला जाकीट लागत नाही. दुसरा, वेळ आली की घालू. तिसरा कोणी बोलून दाखवत नाही, पण असतो, तो म्हणजे चार लोकांत ते बुजगावण्यासारखे दिसते.

पहिल्याचे असे की गावच्या नदीत सूर मारणारा गडीसुद्धा डोक्याला बोटीचा काठ लागून बेशुद्ध झाला तर पोहणार कसा? अंगात शर्ट-पँट, पायात बूट, नाकातोंडात डिझेल मिसळलेले खारे पाणी आणि गळ्याला घाबरून पडलेली दोन माणसांची मिठी, असे पोहणे त्याने कधी केलेले नसते. दुसऱ्याचे असे की पाण्यात पडल्यावर जाकीट अंगात घालून पट्टे आवळणे सराईत खलाशालाही कठीण जाते. तिसऱ्याबद्दल आम्ही इतकेच सांगतो की आमच्या वस्तीतील महिला मंडळाच्या सहलीत याचा निकाल लागला. पश्चिम महाराष्ट्रातील एका जलाशयावर मोटारबोट चालवणारा पोरगा जाकिटे द्यायला कुरकुरत होता. "मावशी, दहा मिनिटांची तर फेरी आहे, कशाला पाहिजे जाकीट? फोटो पण चांगला येत नाही." त्यावर मंडळातील सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "बाळा, मी काय लग्नाला उभी राहायची आहे का? आण इकडं. आणि आधी तुझं घाल." पोराने निमूटपणे सगळी जाकिटे काढली. आजींनी घातल्यावर सुनांना लाज वाटण्याचे कारणच उरले नाही.

जाकीट घेतले की आधी ते पाहावे. आतला फोम चुरगळून पातळ झाला आहे का, शिवण उसवली आहे का, बकले लागतात का, शिट्टी आहे का? सतत बसायला उशी म्हणून वापरलेल्या जाकिटाचा फोम दबतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. सगळे पट्टे लावून झाल्यावर दुसऱ्याला सांगावे, खांद्याकडून धरून वर ओढ. ते कानापर्यंत सरकले तर सैल आहे. पाण्यात पडल्यावर माणूस खाली आणि जाकीट वर, असे होईल. मुलांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे आहे. मोठ्या माणसाचे जाकीट पाच वर्षांच्या मुलाला घातले तर ते डोक्यावरून निघून जाते. मुलांच्या मापाचे, दोन मांड्यांमधून पट्टा येणारे जाकीट मागावे. ते नसेल तर मुलाला घेऊन कोणी तरी धक्क्यावर थांबावे. तान्ह्या बाळाला तर घरीच ठेवावे, किंवा फेरी पुढच्या वर्षी करावी. बाळाला ओढणीने किंवा झोळीने पोटाशी बांधून वर आपले जाकीट घालणे हा प्रकार अत्यंत घातक आहे. आई तरंगेल आणि बाळाचे तोंड पाण्यात राहील.

साडीबद्दल लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. भिजलेली साडी पायांत गुंडाळली जाते आणि पाय हलवता येत नाहीत. सलवार-कमीज घालणे सोयीचे. साडीच असेल तर पदर कमरेला घट्ट खोचावा, जाकीट पदरावरून घालावे, पदराखाली नव्हे, आणि ओढणी असेल तर ती पिशवीत ठेवावी. नायलॉनचा पदर वाऱ्याने उडून इंजिनाच्या फिरत्या भागात किंवा दोरात अडकू शकतो.

एक बारीक गोष्ट आणखी. खालच्या बंदिस्त भागात, छताखाली बसलेल्या माणसाच्या अंगावर जाकीट असताना बोट उलटली तर तेच जाकीट त्याला वर छताकडे दाबून धरते. म्हणून जाकीट काढायचे नाही, तर शक्यतो उघड्या बाजूला, दाराजवळ बसायचे आणि बोट कलू लागल्याचे दिसताच सामान सोडून बाहेर यायचे. सामान म्हणजे चपला, पिशवी, डबा, सारे आले.

वेगाची होडी आणि तिचे यंत्र

गेटवेच्या मोठ्या लाँच डिझेलवर चालतात. धरणांवर, मालवणला आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर ज्या छोट्या वेगवान मोटारबोटी असतात त्यांपैकी पुष्कळ पेट्रोलवर चालतात, आणि पेट्रोलचा स्वभाव वेगळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारसायकलमधून सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याने उडून जाते. बोटीत ती तळाशी, पाणी साठते त्या खोलगट जागेत जाऊन बसते, तिला बाहेर जायला वाट नसते. एक ठिणगी पुरते. इंजिन आतमध्ये बसवलेल्या बोटींत ही वाफ बाहेर फेकणारा पंखा असतो आणि सुरू करण्यापूर्वी तो किमान चार मिनिटे चालवावा असा नियम बोटीवरच लिहिलेला असतो. आपण प्रवाशांनी एवढे करावे: पेट्रोल भरले जात असताना बोटीत बसू नये, विडी-सिगारेट जवळ आणू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर चालकाला स्पष्ट सांगावे. वास येतच राहिला तर उतरावे.

दुसरा धोका दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. तो म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण थंडीत वाचतो, तोच हा वायू. मोकळ्या पाण्यावर तो कसला बाधतो, असे वाटते. पण बोट एका जागी उभी असून इंजिन चालू असेल, किंवा ती अगदी हळू चालली असून वारा मागून येत असेल, तर धूर मागच्या भागात घुटमळतो. कापडी किंवा प्लास्टिकचे छत असले तर तो आत ओढला जातो. मागच्या बाकावर बसलेल्यांचे डोके दुखू लागते, मळमळते, चक्कर येते. लोक म्हणतात, बोट लागली. लिंबू हुंगायला देतात. एकाच वेळी मागच्या तिघा-चौघांना असे होऊ लागले तर लिंबू शोधत बसू नये. इंजिन बंद करायला सांगावे आणि त्या माणसांना पुढे, मोकळ्या हवेत आणावे. चालत्या बोटीच्या मागच्या फळीवर पाय पाण्यात सोडून बसणे तर दोन्ही कारणांनी वर्ज्य. एक कारण हा धूर, दुसरे पंखा.

पंखा म्हणजे पाण्याखाली फिरणारी पाती. त्यांना आपल्याकडे संरक्षक जाळी सहसा नसते. फिरत्या पात्याने क्षणात पाय तुटतो. पाण्यात उतरण्यापूर्वी आणि पाण्यातून वर चढताना इंजिन पूर्ण बंद झालेले असले पाहिजे. नुसता वेग कमी केला, गिअर काढला, हे पुरेसे नाही. तारकर्लीला पाण्याखालची दुनिया पाहायला जाणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. २०२२ च्या मे महिन्यात तिथे अशीच स्कूबा करून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले होते.

छोट्या वेगवान बोटीच्या चालकाजवळ एक लाल, टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळीची दोरी असते. तिचे एक टोक यंत्रावरच्या खटक्याला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवायचे असते. चालक फेकला गेला तर दोरी ओढली जाऊन इंजिन आपोआप बंद पडते. दोरी लावलेली नसेल तर चालकाविना बोट पाण्यात गोल गोल फिरत राहते आणि पाण्यात पडलेल्यांच्या अंगावर परत परत येते. पुष्कळ चालक ही दोरी शोभेसाठी लोंबती ठेवतात. "भाऊ, ती लाल दोरी हाताला लावा ना," एवढे म्हणायला पैसे पडत नाहीत.

बसण्याच्या जागेचेही तसेच. बोटीच्या अगदी पुढच्या टोकावर पाय सोडून बसणे सिनेमात छान दिसते. बोट लाटेवर आपटते तेव्हा सर्वांत जोराचा दणका पुढच्या भागाला बसतो. पाठीचे मणके त्यात दबतात, माणूस उडून पुढे पडला तर बोट त्याच्याच अंगावरून जाते. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे, कमरेचे दुखणे असलेले यांनी वेगाच्या बोटीत बसूच नये. इतरांनी मध्यावर, तोंड पुढे करून, दोन्ही हातांनी दांडी धरून बसावे. काठावर बसू नये. दोन्ही हात लागतात म्हणून मोबाइलही खिशात ठेवावा. तो पाण्यात पडताना धरायला झेपावणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

चढणे-उतरणे आणि हवापाणी

खोल पाण्यापेक्षा धक्क्यावर पाय घसरून होणाऱ्या दुखापती अधिक. पायऱ्यांवर शेवाळ असते. लाटेसरशी लाँच हातभर वर जाते, हातभर खाली येते, आणि धक्का व लाँच यांच्यामध्ये सापडलेल्या पायाचा चुरा होतो. कधी एका लाँचला लागून दुसरी, तिला लागून तिसरी उभी असते आणि मधल्या दोन लाँच ओलांडून जावे लागते. अशा वेळी हातात पिशव्या नकोत, त्या आधी खलाशाच्या हाती द्याव्यात. लाँच वर येऊन स्थिरावते त्या क्षणी, खलाशाचा हात धरून, एकेकाने पाय टाकावा. उडी मारू नये. मुलाला उचलून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यावे. परतताना मुले दमलेली आणि मोठी माणसे घाईत असतात, म्हणून तेव्हा अधिक सांभाळावे. शेवटची लाँच पकडण्याची वेळच येऊ देऊ नये. तिच्यावर गर्दी सर्वांत जास्त असते आणि अंधार पडत आलेला असतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी झुंबड उडते, हेही ठरवताना लक्षात घ्यावे.

दारू प्यालेल्या चालकाच्या बोटीत बसू नये, हे सांगावे लागू नये. पण प्यालेल्या प्रवाशालाही सोबत घेऊ नये. तो तोल सांभाळू शकत नाही आणि त्याला वाचवायला दुसरा पाण्यात पडतो.

वाऱ्याची गोष्ट. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान जाणारी प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात सापडून सहा जण बुडाले. ती सहल नव्हती, रोजची ये-जा होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर धरणावर असा वारा अचानक सुटतो. आकाश काळवंडले, पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला, तर दिलेले तिकिटाचे पैसे विसरावेत. माणशी दोनशे रुपये गरिबाला सोडवत नाहीत, हे आम्ही जाणतो. आम्हीही त्याच घरांतून आलो आहोत. म्हणूनच सहलीच्या वर्गणीतच ही रक्कम "बुडीत गेली तरी चालेल" अशी वेगळी धरून ठेवण्याची पद्धत आमच्या मंडळाने सुरू केली आहे. पैसे आधीच सोडलेले असले की धक्क्यावरून माघारी फिरणे सोपे जाते.

विचारण्याचा आपला हक्क

प्रवासी बोटीला सर्वेक्षणाचा दाखला, नोंदणी, चालकाला परवाना आणि बोटीचा विमा लागतो. पूर्वीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यावर देखरेख ठेवण्याचे काम १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचे आहे. धरणांवर आणि तलावांवर मात्र पाटबंधारे खाते, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि ठेकेदार यांच्यात जबाबदारी फिरत राहते, हा आमचा अनुभव आहे. अपघात झाला की पहिला हात पडतो तो चालकाच्या आणि खलाशाच्या गळ्यावर. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस. जास्त माणसे भर म्हणून सांगणारा मालक आणि डोळेझाक करणारा अधिकारी मागे राहतो. म्हणून चालकाशी भांडू नये. "दादा, तुमच्याही घरी पोरेबाळे आहेत, वीस माणसे पुढच्या फेरीला येतील," असे म्हटले की तो बहुतेक वेळा ऐकतो. न ऐकल्यास तिकीट देणाऱ्याकडे, धक्क्यावरच्या पोलिसाकडे जावे. तिकीट मिळाले नसेल तर मागावे आणि घरी येईपर्यंत जपावे. काही विपरीत घडले तर आपण त्या बोटीवर होतो याचा तोच पुरावा. मंडळाच्या सहलीत सर्वांच्या नावांची यादी एक प्रत सोबत आणि एक प्रत वस्तीत ठेवावी.

पाण्यात पडल्यावर

जाकीट असेल तर हातपाय मारून दमू नये. पाठीवर पडावे, तोंड वर ठेवावे, गुडघे छातीशी घ्यावेत. चार-पाच जण असाल तर एकमेकांचे जाकीट धरून घोळका करावा, मुलांना मध्ये घ्यावे. उलटलेली बोट तरंगत असेल तर तिला धरून राहावे. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, तिकडे पोहत निघू नये. जाकिटाला शिट्टी असेल तर ती वाजवावी, ओरडून घसा बसतो.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा "वाचवा वाचवा" म्हणत नाही. त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते. तो उभाच्या उभा, तोंड मागे टाकून, मुकाट्याने वरखाली होत असतो. लहान मूल तर मिनिटाच्या आत दिसेनासे होते. म्हणून पाण्यातले मूल गप्प झाले की लगेच पाहावे. त्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा बहुधा त्याच्याबरोबर जातो. आपल्या समाजात जीव ओवाळून टाकणारी माणसे आहेत, पण एकाऐवजी दोन प्रेते बाहेर काढण्याची वेळ आम्ही एका कुटुंबावर आलेली पाहिली आहे. दोर, बांबू, साडी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाती येईल ते आधी त्याच्याकडे टाकावे, आणि आपण आडवे पडून, मागून कोणी धरून ठेवलेले असतानाच हात पुढे करावा. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, कुठेही ११२ लागतो. दोन्ही क्रमांक निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये घालून ठेवावेत, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सारे खेड्यापाड्यांतले उपाय सोडून द्यावेत. पोट दाबल्याने पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. त्याला सपाट जागी उताणे निजवावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाने तोंडात पाच वेळा हवा भरावी. मग छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, वेगाने तीस वेळा दाबावे, पुन्हा दोनदा हवा, पुन्हा तीस वेळा दाब, असे डॉक्टर किंवा मदत येईपर्यंत चालू ठेवावे. नगरपालिकेच्या दवाखान्यात किंवा अग्निशमन दलाकडे विनंती केली तर वस्तीतल्या तरुणांना हे एका दुपारी शिकवून देतात. आमच्या वस्तीत अकरा मुली आणि सात मुले शिकली.

श्वास परत आला, माणूस उठून बसला, "मला काही झालेले नाही" म्हणू लागला, तरी त्याला त्याच दिवशी इस्पितळात नेलेच पाहिजे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. घारापुरीहून उरणला किंवा मुंबईला आणायचे तर पुन्हा लाँचच लागते, म्हणून संध्याकाळची वाट न पाहता मिळेल त्या पहिल्या बोटीने त्याला निघू द्यावे, सोबत दोघांनी जावे, आणि या वेळी तिघांनीही जाकिटाचे सगळे पट्टे लावावेत.